चोडणाहून बांबोळी किती लांब? तंबाखूमुक्ती सेवांचा नकाशा काढण्याची रीत

गोव्यात रायबंदरच्या फेरीधक्क्यावर चहा पिता पिता मी माझा पहिला नकाशा एका काकांना दाखवला होता. काका चोडणचे, दुधाचे कॅन घेऊन रोज पणजीला येणारे, खिशात विडीचं बंडल. बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळाभोवती मी दहा किलोमीटरचं वर्तुळ मारलं होतं आणि त्यात अख्खं चोडण बेट हिरव्या रंगात बसलं होतं. हिरवा म्हणजे ‘सेवा आवाक्यात’. काकांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “बाय, ह्या वर्तुळातून आम्ही पोहत जायचं काय?”

दुसऱ्या दिवशी मी चोडणहून निघून तो प्रवास स्वतः केला. घरापासून धक्क्यापर्यंत चालत, फेरीची वाट, मांडवी ओलांडून रायबंदर, तिथून पणजी स्टँड, मग मडगावकडे जाणारी बस, बांबोळीला उतरून पुन्हा पायी. पावणेदोन तास लागले. केसपेपरची रांग त्यानंतर. नकाशावरचे दहा किलोमीटर कागदावरच राहिले.

तेव्हापासून मी नकाशा उलट्या टोकाने काढते. इस्पितळापासून सुरुवात करायची नाही. विडी सोडू पाहणाऱ्या माणसाच्या उंबऱ्यापासून करायची. पुढची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे. उदाहरणं गोव्याची आहेत, कारण राज्य लहान आहे (३,७०२ चौरस किलोमीटर, १२ तालुके) आणि एकटादुकटा माणूसही ते पिंजून काढू शकतो. देशाचा नकाशा करायचा असला तरी आधी एखाद्या तालुक्यावर हात बसवून घ्या.

प्रश्न एका ओळीत लिहा

‘तंबाखूमुक्ती सेवांची उपलब्धता’ हा प्रश्न नाही, ते अहवालाचं शीर्षक आहे. प्रश्न असा हवा: काणकोण तालुक्यातल्या कुठल्या गावातून माणूस सकाळी निघून, समुपदेशकाला भेटून, दुपारच्या जेवणाला घरी परतू शकतो? यात जागा आली, वेळ आली, परतीची बस आली आणि कोणाला भेटायचं तेही आलं. ही ओळ कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. पुढे माहिती गोळा करताना पन्नास रकाने वाढवायचा मोह होतो, तेव्हा ती उपयोगी पडते.

‘आवाका’ या शब्दाचे पाच तुकडे पेन्चान्स्की आणि थॉमस या दोन आरोग्यसेवा-संशोधकांनी १९८१ मध्ये पाडले होते आणि ते आजही कामाला येतात. सेवा आहे का, पोचता येते का, तिच्या वेळा आपल्या वेळांशी जुळतात का, परवडते का, आणि तिथे जायला मन धजतं का. बहुतेक नकाशे पहिल्या दोघांवरच संपतात. शेवटच्या तिघांची माहिती फोन करून आणि गावात बसून मिळते, उपग्रहावरून मिळत नाही.

‘सेवा’ कशाला म्हणायचं

इथे ढिलाई केली की पुढचं सगळं वाया जातं. ‘धूम्रपान निषिद्ध’ असा फलक लावलेल्या प्रत्येक आरोग्य केंद्रावर टिंब टाकलं, तर गोवा टिंबांनी भरून जाईल. मी चार पायऱ्या करते.

पायरी एक: डॉक्टर किंवा नर्स तंबाखूबद्दल विचारतात आणि सोडायचा सल्ला देतात. पायरी दोन: प्रशिक्षित समुपदेशक ठरलेल्या दिवशी बसतो आणि पुन्हा बोलावतो. पायरी तीन: समुपदेशनाबरोबर औषध मिळतं, म्हणजे निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच, नाहीतर डॉक्टरच्या चिठ्ठीवर बुप्रोपिऑन वा व्हरेनिक्लिन. पायरी चार: फोनवरची सेवा. ती नकाशावर ठिपका म्हणून बसत नाही, म्हणून तिचा वेगळा विचार पुढे केला आहे.

पहिली पायरी क्षुल्लक समजू नका. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात, म्हणजे ‘गॅट्स’च्या दुसऱ्या फेरीत, वर्षभरात डॉक्टरकडे गेलेल्या देशातल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांनाच सोडण्याचा सल्ला मिळाला होता. धूरविरहित तंबाखू खाणाऱ्यांत हा आकडा ३१.७ टक्के होता. दारात आलेला माणूस तसाच परत जातो, हे अंतराच्या नकाशात कधी दिसणार नाही.

आणि हो, नुसतं ‘धूम्रपान’ धरून बसू नका. आपल्याकडे चुन्याबरोबर मळलेली तंबाखू आहे, दात घासायची मशेरी आहे, आणि गुटख्यावर बंदी येऊन वर्षं लोटली तरी पुडीची सवय असलेली माणसं आहेत. समुपदेशक तोच, खोली तीच. नकाशाही एकच करा, पण प्रत्येक केंद्रावर ‘मशेरी लावणारी बाई आली तर तिला घेता का?’ हे विचारा. उत्तराआधी फोनवर जो थोडा वेळ जातो, त्यातूनही बरंच कळतं.

यादी

सरकारी बाजू सोपी आहे. वर बांबोळी: गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), गोवा दंत महाविद्यालय आणि मनोविकारांची संस्था (आयपीएचबी), तिन्ही एकाच परिसरात. त्याखाली म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ; लोक अजून आझिलो आणि हॉस्पिसियो म्हणतात, तेव्हा ही जुनी नावंही यादीत ठेवा, नाहीतर वाट विचारताना पंचाईत होते. मग फोंडा आणि चिखलीची उपजिल्हा इस्पितळं, वाळपई, साखळी, काणकोणसारखी सामाजिक आरोग्य केंद्रं, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं. दंत महाविद्यालय विसरू नका. तोंड उघडून बघणाऱ्या डॉक्टरला तंबाखूचे डाग आधी दिसतात, आणि दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्र असावं अशी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

खासगी बाजू किचकट. मानसोपचारतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर, व्यसनमुक्ती केंद्रं. यातली बरीच दारूसाठी काढलेली असतात आणि तंबाखूला ‘ते काय, होईल’ म्हणून बाजूला सारतात. मी त्यांना फोन करून खात्री झाल्याशिवाय यादीत घेत नाही. औषधांची दुकानं मात्र घेते. दोन मिलिग्रॅमचं निकोटिन गम दुकानात मिळतं, आणि ते ठेवणारं दुकान गावापासून किती लांब आहे हा वेगळा आणि बोलका नकाशा होतो.

तक्त्यात रकाने थोडे पण पक्के ठेवा: नाव, गाव, गावाचा सरकारी कोड, अक्षांश-रेखांश, पायरी, वार आणि वेळ, कोण बसतं, कोणत्या भाषांत बोलतात, औषध हाताशी आहे की बाहेरून आणावं लागतं, पैसे किती. शेवटी दोन रकाने जे कोणी ठेवत नाही आणि सगळ्यांनी ठेवायला हवेत: ‘कधी तपासलं’ आणि ‘कसं तपासलं’. गावाचा कोड ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’ या सरकारी यादीतून घ्या. गोव्यात एकाच गावाची स्पेलिंगं तीन-तीन असतात. नावावर जोडणी केलीत तर अर्धी गावं गळून पडतील.

फोन आणि फेरी

फोन करताना आपण कोण ते खरं सांगा. खोटा रुग्ण बनून वेळ घेणारे असतात. मला ते पटत नाही. आधीच तुटपुंजी असलेली जागा तुम्ही अडवता आणि पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या प्रश्नालाही कोणी उत्तर देत नाही. मात्र फोन फलकावरच्या वेळेतच करा. दहा ते एक लिहिलं असेल तर पावणेएकला करा. तेव्हा कोण उचलतं तेही लिहा.

फोनवर पाचच प्रश्न: आज कोणी आलं तर कोणाला भेटेल? पुन्हा कधी बोलावता? नंतर फोन करून विचारपूस करता का? औषध आज आहे का? माणूस मराठी-कोंकणी सोडून फक्त कन्नड किंवा ओडिया बोलत असेल तर काय करता?

फोनवर भागत नाही तिथे जा. एका केंद्राच्या भिंतीवर ‘तंबाखूमुक्ती समुपदेशन, दर बुधवारी’ अशी सुंदर रंगवलेली पाटी होती. मी लागोपाठ तीन बुधवार गेले. तिन्ही वेळा खोलीला कुलूप. तिसऱ्या बुधवारी झाडू मारणाऱ्या मावशीने सांगितलं की समुपदेशक दुसरीकडे प्रतिनियुक्तीवर आहेत, आणि खिडकीतून दाखवलं: आत टेबलावर पुठ्ठ्याची खोकी रचलेली, खुर्ची उलटी करून त्यावर ठेवलेली. यादीत हे केंद्र तिसऱ्या पायरीवर होतं. मी ते पहिल्या पायरीवर उतरवलं आणि तारीख घातली. पुसून टाकलं नाही, कारण कुलूप उघडलं तर तारीख बदलायला जागा हवी.

प्रवासाचा वेळ

वर्तुळं काढू नका. काढायचीच असतील तर निदान प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत, नीट ठेवा. मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर या पट्ट्यात गोवा येतो. अक्षांश-रेखांशातच वर्तुळ मारलं तर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर अंशांत मोजतं आणि पाच किलोमीटरचं पाच अंश होऊन नकाशा कर्नाटक गिळतो. मी गिळवला आहे.

रस्त्यावरचा वेळ काढायला ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते आणि ओपनरूटसर्व्हिससारखं फुकट साधन पुरतं. अमुक मिनिटांत कुठवर पोचता येतं तो आकार ते काढून देतं. मी तीन पट्टे ठेवते: अर्धा तास, एक तास, आणि त्यापलीकडे. पण ही साधनं गाडी धरून चालतात, आणि आपल्याला हवा तो माणूस कदंबाच्या (म्हणजे सरकारी) किंवा खासगी बसने जातो. फेरीही त्यांना पुलासारखीच वाटते. पलीकडच्या काठावर फेरी भरायची वाट बघत उभं राहणं त्यांच्या हिशेबात नसतं.

म्हणून दुसरा हिशेब हाताने करा. तालुक्याच्या स्टँडवर जा, वेळापत्रकाचा फोटो काढा, मग कंडक्टरला विचारा की यातल्या कुठल्या गाड्या खरंच सुटतात. प्रत्येक गावासाठी चार आकडे लिहा: सकाळची पहिली उपयोगी बस, स्टँडवर बदलीची वाट, केंद्रावर पोचायची वेळ, परतीची बस. नेत्रावळी किंवा खोतीगावसारख्या गावांत जाण्याच्या वेळेपेक्षा परतीची बसच जास्त काही सांगून जाते. बस चुकली तर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, आणि तिचे पैसे ‘परवडतं का’ या रकान्यात. फेरीचं एक बरं आहे, पायी माणसाला तिकीट नाही.

मी याला जेवणाची कसोटी म्हणते. आठनंतर घर सोडलं, काम झालं आणि दीड वाजेपर्यंत परत आलं, तर गाव हिरवं. अर्धा रोज बुडाला तर पिवळं. अख्खा दिवस गेला तर लाल. समुपदेशनाला साधारण चारदा जावं लागतं असं मी धरते, म्हणून लाल गावात चार रोज बुडतात. असा माणूस दुसऱ्या खेपेला येत नाही, आणि मग त्याच्यावर ‘इच्छाशक्ती नाही’ असा शिक्का बसतो.

बसचं वेळापत्रकच हाती लागत नसलेल्या मोठ्या प्रदेशासाठी, म्हणजे देशपातळीवर, जागतिक आरोग्य संघटनेचं ॲक्सेसमॉड हे साधन किंवा मलेरिया ॲटलस प्रोजेक्टचे प्रवासवेळेचे चौकोनी थर वापरता येतात. त्यांचा एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा. झारखंडात तो चालेल. मांडवी-जुवारीच्या काठी एका चौकोनात नदी, खाजन (खाडीकाठची खारी शेतजमीन) आणि वाडा तिन्ही येतात, तिथे डोळे उघडे ठेवा.

माणसं किती

गॅट्सच्या त्याच फेरीत गोव्यातलं प्रौढांचं तंबाखूसेवन ९.७ टक्के निघालं, देशात सर्वांत कमी. देशाचा आकडा २८.६ टक्के. बैठकीत हा आकडा ढालीसारखा पुढे केला जातो: आपल्याकडे गरजच कुठे आहे? मग गुणाकार करा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर. त्यातली पंधरा वर्षांवरची माणसं घेतली आणि ९.७ टक्के लावले तर लाखभर माणसं होतात.

हा आकडा राज्याचा आहे. तो उचलून प्रत्येक तालुक्यावर सारखा पसरवू नका. पेडण्यातला शेतकरी, डिचोलीतला खनिज ट्रकचा ड्रायव्हर, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतला रात्रपाळीचा कामगार आणि पणजीच्या कॅसिनोतला मुलगा यांची सवय एका टक्केवारीत मावत नाही. तालुक्याचा खरा आकडा नसेल तर राज्याचा वापरा, पण नकाशाच्या कोपऱ्यात तसं ठळक लिहा.

मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर तर वर्षाचा महिना बघावा लागतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा परराज्यांतले बरेच खलाशी आपापल्या गावी जातात. ऑगस्टमध्ये ते परततात, आणि जनगणनेच्या तक्त्यात ते या गावचे नसतातच.

क्षमता

या पायरीला लोक कंटाळतात, पण सगळा नकाशा इथे पालटतो. कल्पना करा, एका केंद्रावर समुपदेशक आठवड्यातून तीन तास बसतो. एका माणसाला वीस मिनिटं. तासाला तीन, आठवड्याला नऊ भेटी. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर ४५० भेटी. प्रत्येकाला चार भेटी लागतात असं धरलं, तर वर्षाला ११२ माणसं.

आता त्या केंद्राच्या तासाभराच्या टप्प्यात ६०,००० लोक राहतात असं धरा. प्रौढ तीनचतुर्थांश, म्हणजे ४५,०००. ९.७ टक्क्यांनी साधारण ४,३६५ तंबाखू सेवन करणारे. गॅट्समध्ये देशभरात जवळपास निम्म्यांनी सोडायचा विचार असल्याचं सांगितलं होतं (धूम्रपान करणारे ५५.४ टक्के, धूरविरहितवाले ४९.६). निम्मे धरू, २,१८०. त्यांच्यासाठी जागा ११२. शंभरांमागे पाच.

आजूबाजूच्या केंद्रांची क्षेत्रं एकमेकांवर चढतात, त्यासाठी लुओ आणि वांग यांची २००३ ची ‘दोन टप्प्यांची तरंगती क्षेत्रं’ ही पद्धत आहे. नाव भारदस्त, काम सोपं. पहिला टप्पा: प्रत्येक केंद्रासाठी वरचा भागाकार (जागा भागिले सोडू पाहणारी माणसं) करा. दुसरा टप्पा: प्रत्येक गावाला तासाभरात जी केंद्रं लागतात त्यांचे भागाकार बेरजेने जोडा. आपल्या केंद्राचा ०.०५१ आला. शेजारच्या मोठ्या केंद्राची क्षमता ३०० आणि मागणी ९,००० असेल तर त्याचा ०.०३३. दोन्हीकडे पोचणाऱ्या गावाला ०.०८४, फक्त दुसऱ्याकडे पोचणाऱ्याला ०.०३३. हे सगळं साध्या एक्सेलमध्ये होतं. मात्र ‘तासाभरात’ हा निकष बसच्या हिशेबाने लावा, गाडीच्या नाही.

फोनचा थर

राष्ट्रीय क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा, १८००-११-२३५६ हा टोल फ्री नंबर २०१६ पासून दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाला. पुढे बेंगळुरूचं निम्हान्स, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट जोडलं गेलं. सप्टेंबर २०१८ पासून हा नंबर तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. म्हणजे ज्याच्या खिशात पाकीट त्याच्या खिशात नंबर. सुट्टी विडी घेणाऱ्याचं काय, ते गाडेवाल्याला विचारा. शिवाय ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाईलवर संदेश येऊ लागतात.

यावरून कोणी म्हणेल, मग अख्खा गोवा हिरवा. थोडं थांबा. तुमच्या तालुक्यातल्या पाच वेगवेगळ्या वाड्यांतून, पाच वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवरून फोन लावा. सत्तरी तालुक्यातल्या डोंगराआडच्या वाड्यांत रेंज मिळायला टेकाडावर चढावं लागतं, आणि समुपदेशकाशी वीस मिनिटं मनातलं बोलायला टेकाड ही जागा नव्हे. फोन लागला का, किती वेळ थांबावं लागलं, कोणती भाषा मिळाली, पुन्हा फोन आला का, एवढं लिहा. हा थर गावाच्या रंगावर चढवू नका. वेगळ्या तिरक्या रेघांनी दाखवा, म्हणजे लाल गावाचा लाल रंग झाकला जात नाही.

छापायच्या आधी

नकाशा ए-थ्री कागदावर काढून गावात न्या. स्क्रीन दाखवली की लोक मान डोलावतात. कागद पसरला की बोट ठेवून भांडतात, आणि आपल्याला भांडणच हवं असतं. पंचायतीपेक्षा मी चहाचा गाडा, फेरीधक्का आणि देवळापुढचा कट्टा पसंत करते. बायकांशी वेगळं बसा. मशेरीबद्दल सासऱ्यासमोर कोणी बोलत नाही. एका वाड्यावर एका वहिनीने सांगितलं की जवळच्या केंद्रातली नर्स तिच्या नणंदेची मैत्रीण आहे, म्हणून ती दोन बस बदलून लांबच्या केंद्रात जाईल, इथे नाही. माझ्या नकाशात ते गाव हिरवं होतं. मी रंग बदलला नाही, पण त्यावर लहान खूण टाकली आणि सूचीत लिहिलं: ‘जवळ आहे, जात नाहीत’.

नावं, घरं, वय काही लिहून घेऊ नका. लहान वाड्यात ‘विडी ओढणारा, पन्नाशीचा, ट्रक चालवतो’ एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. वाड्याची माहिती गावाच्या पातळीवर मिसळा.

दर तीन महिन्यांनी ‘कधी तपासलं’ हा रकाना जुन्यापासून लावून घ्या आणि वरच्या दहा केंद्रांना फोन करा. सहा महिन्यांत न तपासलेला ठिपका मी राखाडी करते, तो कितीही मोठ्या इस्पितळाचा असो. चतुर्थीच्या आठवड्यात फोन करू नका, कोणी उचलणार नाही.

चोडण आता माझ्या नकाशात पिवळं आहे. काकांना नवा कागद दाखवला तेव्हा त्यांनी फेरीधक्क्यावर बोट ठेवून सांगितलं, सकाळी नऊच्या सुमाराला शाळेच्या गर्दीने एक फेरी सुटते ती पकडता येत नाही, तेवढी वीस मिनिटं वाढव. वाढवली.